दुसरं मुसळ

१

सालेगडावर मी गेलो तो पौषात. चांदा जिल्हा मुंबई राज्यात येऊन वर्ष उलटलं होतं आणि आमच्या खात्याच्या एकदम ध्यानात आलं होतं की तिकडच्या जंगलात गोंड राजांचे कितीतरी पडके किल्ले आहेत, आणि त्यांचे साधे नकाशेसुद्धा कुणापाशी नाहीत. मी खात्यात आरेखक होतो. साताऱ्याकडचा माणूस, झाडीमुलूख कधी पाहिलेला नाही. आरमोरीपर्यंत मोटार मिळाली, पुढं बैलगाडी, आणि टेकडीच्या पायथ्यापासून पायी.

तटाच्या आत अजून गाव नांदत होतं. थोडी कौलारू घरं, एक तळं, देवीचं देऊळ, आणि वेशीला लागून भैयाजी निकुरे यांचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पुढं चहा-भज्यांची भट्टी नि दोन लाकडी बाकं, मागं यात्रेकरूंसाठी बांधलेल्या खोल्या. माघातल्या यात्रेला त्या भरायच्या, एरवी त्यांत धान पडलेलं असायचं. माझ्यासाठी एका खोलीतलं धान दुसरीत हलवलं होतं. खोलीला कोंड्याचा गोडसर वास येत होता. मला तो आवडला.

घरातली तीन माणसं मिळून सगळं चालवत. भट्टीवर स्वतः भैयाजी. पन्नाशीचा, उंच, थोडा वाकलेला, बोलताना समोरच्याकडे न पाहणारा. स्वयंपाक त्याची विधवा बहीण सुगंधाबाई करी. आणि वाढायला भैयाजीची बायको मनकर्णा येई. ती फार कमी बोलायची, पण चेहरा प्रसन्न. इतका प्रसन्न की पहिल्या दिवशी मला वाटलं, या घरात नुकतंच काही शुभकार्य झालं असावं.

माझा दिवस लवकरच ठरून गेला. सकाळी दोन मजूर घेऊन तट मोजायचा, उन्हं डोक्यावर आली की परत, भात आणि लाखोळीचं वरण पोटभर, आणि मग दुपारभर खिडकीशी बसून सकाळची मापं कागदावर चढवायची. खिडकी मागच्या परसात उघडे. उजेड चांगला येई.

मनकर्णाच्या डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. वाढताना ती तो हात पदराखाली ठेवी. भट्टीवर भाजलं असेल, असं मी धरून चाललो.

२

दुपारी परसात धान कांडत. तो आवाज मला लहानपणापासून ओळखीचा. आमच्याकडं आई आणि काकू समोरासमोर बसत. एकीचं मुसळ खाली येई तेव्हा दुसरीचं वर. त्या लयीत घर पेंगुळायचं. सालेगडावरही तसंच. एक आवाज खणखणीत, तोंडाशी लोखंडी कडं बसवलेल्या मुसळाचा. त्यामागून एक बोदा, हलका, नुसत्या लाकडाचा. धण्ण, धब. धण्ण, धब. मी नकळत त्या ठेक्यावर रेघा मारू लागलो. काम सुरेख होत होतं.

एकदा निब पुसायला उठलो आणि सहज बाहेर पाहिलं.

मोहाच्या झाडाखाली जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. त्याच्याशी एक पाय लांब करून मनकर्णा बसली होती. आखूड मुसळ एका हातानं उचलत होती, सोडत होती. समोर कोणी नव्हतं.

मनकर्णाचं मुसळ पडलं, वर गेलं, आणि वरच थांबलं. त्या थांबण्यात तो बोदा आवाज आला. मग पुन्हा तिचं मुसळ खाली आलं.

मी मनाशी हसलो. मागं पंधरा-वीस हातांवर तट होता. आवाज तिथून उलटून येत असणार. पडक्या वास्तूंत हिंडणाऱ्या माणसाला प्रतिध्वनीचं काय अप्रूप? तरीही ती उठून गेल्यावर मी परसात गेलो आणि उखळाशी उभा राहून जोरात टाळी वाजवली. टाळीचा आवाज गेला तो गेलाच. तटाचा तो भाग कधीचा ढासळून मातीचा ढिगारा झाला होता. त्यावर वीतभर गवत होतं. त्यातून काय उलटून येणार?

मग खाली पोकळी असेल, मी म्हटलं. जुन्या गडांवर धान्याची पेवं असतात. मी टाच आपटत उखळाभोवती फिरलो. जमीन भरीव होती.

फिरताना एक गोष्ट दिसली. उखळाच्या चारी बाजूंना कोंडा आणि तूस उडून पडलं होतं. फक्त मनकर्णा बसते त्या जागेवर नव्हतं, ते साहजिकच. पण तिच्या अगदी समोर, उखळापलीकडं, तेवढीच आणखी एक जागा स्वच्छ होती. कोणी बसलं असावं आणि कोंडा त्याच्या अंगावर पडून त्याच्याबरोबर निघून गेला असावा, तशी.

झाडलं असेल, मी म्हटलं.

३

दुसऱ्या दिवशी जेवताना मी सुगंधाबाईंना विचारलं. सरळच विचारलं, कारण आडून विचारण्यासारखं त्यात काही आहे असं मला अजून कबूल करायचं नव्हतं.

"दुपारी वहिनींबरोबर कांडायला कोण येतं हो?"

त्या चुलीतलं लाकूड मागं ओढत होत्या. ओढायच्या थांबल्या.

"कोनी नाई. एकलीच कांडते ते."

"मला दोन मुसळांचा आवाज येतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात आश्चर्य नव्हतं. म्हणाल्या, "वरन घ्या अजून," आणि वाढूनही टाकलं. मग तांब्या उचलून म्हणाल्या, "दुपारी मी तळ्यावर जातो साहेब, धुनं घेऊन. धुनं नसलं तरी जातो. तुमीबी जात जा गडावर. घरात कायले बसता?"

त्या दुपारी मी खिडकी लावून घेतली आणि मेणबत्ती पेटवून काम केलं. काम बिघडलं. ठेका भिंतीतूनही येत होता, आणि आता मला त्यातला दुसराच आवाज आधी ऐकू येई. नीट ऐकलं तर तो थोडा चुकत होता. कधी घाई व्हायची, कधी रेंगाळायचा, आणि मग मनकर्णाचं मुसळ त्याच्यासाठी वर थांबून राही. शिकाऊ हाताला सांभाळून घ्यावं तसं.

मी घाबरलो होतो असं म्हणणार नाही. मला वाईट वाटत होतं, आणि का ते कळत नव्हतं.

४

भैयाजी मला शोधत तटावर आला तेव्हा मी बुरुजाची उंची घेत होतो. मजुरांना त्यानं तंबाखू देऊन बाजूला बसवलं. मग खालच्या झाडीकडं पाहत बोलला.

"साहेब, तुमी नागपूरवरूनच परत जान ना?"

"हो."

"तिथी येड्याइचा दवाखाना हाय म्हनते. आमाले संग घेऊन चलान का? मले त्या शहरातलं काई समजत नाई."

"कुणासाठी?"

"मैनाच्या मायसाठी."

आणि मग न थांबता, जणू पाठ केलेलं असावं तसं, त्यानं सांगितलं.

"मैना आमची एकुलती लेक. धानोऱ्याकडं देल्ली होती. पयलं बाळंतपन. दिवस भरले नाई तं दुखाले लागलं, निरोप आला. श्रावन होता. आमी दोघंबी निघालो. कठाणी नदीले पूर. लटारू ढिवर म्हने, डोंगा घालतो पान्यात, पन एकाच मानसाले नेतो. दोघं बसले तं तिघंबी जाऊ. मी बसलो. ते काठावर राह्यली."

"मग?"

"मी पोचलो तवा पोरगी बोलत होती. मायले काऊन नाई आनलं म्हने. तेच एक. दिवस मावळता गेली. पोटातलंबी गेलं. मीच माती देल्ली. पूर उतरला, मंग परतलो, तं हे तिथीच, लटारूच्या झोपडीत. मले येताना पाह्यलं, उठली, गाठोडं उचललं आन् रस्त्याले लागली. काई इचारलं नाई. रडलीबी नाई. आतापावतर नाई."

त्यानं तटावरचा एक खडा उचलला आणि पुन्हा होता तिथं ठेवला.

"रोज कांडते. कांडता कांडता हात घालते उखळात. मी सकाळी बोटं बांधतो, दुपारी पुन्हा फुटते. दोन बोटं तं मेलीच आता. आरमोरीचा डाक्टर म्हने, असंच चाललं तं हात कापा लागन."

"मुसळ लपवून ठेवलं नाही कधी?"

"ठेवलं ना. मंग ते नुसता हात घालून बसली, दिवसभर. संध्याकाळी पाहतो तं बोटं सुजलेली. दगडावर आपटले असन. दुसरं काय?"

शेवटचे दोन शब्द त्यानं मला विचारले की स्वतःला, ते कळलं नाही.

"ते म्हनते, मैना येते कांडाले. मी कान लावून बसतो साहेब. मले एकच आवाज येते. आन् मी परसात गेलो का हे हात काढून घेते. तुमची खिडकी तिथंच हाय. तुमी पहा. सोताच मारून घेते, एवढं तुमी मले आपल्या तोंडानं सांगा. परक्या मानसानं सांगतलं तं मले तिले नेता येईन. नाई तं जलमभर वाटन का बायकोले उगाच कोंडलं."

मला दोन आवाज येतात, हे सांगायला तीच वेळ होती. मी म्हणालो, "उद्या पाहतो."

५

दुसऱ्या दिवशी मी टेबल मागं ओढलं आणि खोलीतल्या सावलीत बसलो, म्हणजे बाहेरून दिसू नये. वारा अजिबात नव्हता. परसातल्या चुलीवर आंघोळीच्या पाण्याचा हंडा होता. चुलीचा धूर उभ्या काठीसारखा सरळ वर जात होता. पुढं जे झालं त्याच्या संदर्भात हा धूर मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिला आहे.

मनकर्णा आली. सुपातून उखळात धान ओतलं. डाव्या हाताच्या चिंध्या सोडून कमरेला खोचल्या. सवयीनं, घाई न करता. मग मुसळ उचललं.

धण्ण. मुसळ वर थांबलं. धब.

मी उखळाकडंच पाहत होतो. तिचं मुसळ हवेत असताना उखळातलं धान मध्येच खचत होतं. वरच्या दाण्यांत एक वाटोळी खळगी पडे, आणि तिचं मुसळ आलं की मोडे. तिच्या घावानं आधीचे दाणे सरकत असतील, मी म्हटलं. पण ती थांबली होती. तिच्या घावानं सरकायचं ते केव्हाच सरकून झालं होतं.

असं खूप वेळ चाललं. माझी भीती हळूहळू कमी झाली. त्या लयीतच काहीतरी असं होतं की माणसानं घाबरू नये.

मग मुसळ वर धरून मनकर्णानं डावा हात उखळात घातला. दाणे खालीवर करायला घालतात तसा नव्हे. पालथा, बोटं पसरून, ठेवला.

आवाज आला. या वेळी तो लाकूड दाण्यावर पडल्याचा नव्हता.

तिचा खांदा उडाला. तोंडातून काही निघालं नाही. तिच्या उजव्या हातातलं मुसळ वर होतं तसंच होतं. ते मी पाहत होतो. ते हललं नाही.

तिनं हात बाहेर काढला. बोटं भुऱ्या कोंड्यानं माखलेली, एका नखाखालून रक्त येत होतं. तो हात तिनं उखळावरून पलीकडं नेला आणि समोर बसलेल्याच्या तोंडापाशी येईल इतक्या उंचीवर धरला. आणि वाट पाहत राहिली. दुसरा आवाज थांबला होता.

बोटांवरचा कोंडा उडाला. बारीक धार धरून, तिच्याच बाजूला. एकदा. मग थोडं थांबून पुन्हा एकदा, आता हलकेच. चुलीचा धूर सरळ वर जात होता.

मनकर्णा हसली. "राहू दे," ती म्हणाली. "राहू दे वं. नाई लागलं."

माझ्या हातातल्या टाकाची शाई कागदावर सांडली होती. तो कागद वाया गेला. मी उठलो असेन, किंवा खुर्ची वाजली असेल. तिनं मान वळवून थेट खिडकीकडं पाहिलं. रागानं नाही. एखाद्या घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाली,

"साहेब, खिडकी लावून घ्या. ते लाजते."

मी खिडकी लावली. कडी घालताना पलीकडून पुन्हा सुरू झालं. धण्ण, धब.

६

दिवेलागणीला मी पुढं आलो. गिऱ्हाईक नव्हतं. भैयाजी भट्टीतली राख काढत होता. सुगंधाबाई दारात कंदिलाची काच पुसत होत्या.

"पाह्यलं?" त्यानं विचारलं. वर न पाहता.

"पाहिलं."

"सोताच मारते ना?"

'हो' म्हटलं की संपत होतं. तिचा हात वाचला असता. मी नागपूरला त्यांना दवाखान्यापर्यंत पोहोचवलं असतं, डॉक्टरांशी चार शब्द बोललो असतो. ते शहाणपणाचं होतं. पण तिचं ते हसणं मी पाहिलं होतं, आणि तिला एका खोलीत कोंडून तिच्या हातावर फक्त मलमपट्टी बांधली जाईल, हेही मला दिसत होतं.

"नाही," मी म्हणालो. "त्या मारून घेत नाहीत. मुसळ वर असताना लागतं. आणि भैयाजी, मला दोन आवाज येतात. पहिल्या दिवसापासून."

तो उठला. त्याच्या हातात राखेचं घमेलं होतं. त्याचा चेहरा इतका कडू झाला की मी एक पाऊल मागं सरलो.

"तुमीबी? शिकले सवरलेले मानूस तुमी. तिच्या नादी लागून गरिबाची..."

"कोंडा उडतो," मी मध्येच म्हणालो. "लागल्यावर त्या हात समोर धरतात. आणि बोटांवरचा कोंडा उडतो. कोणी फुंकर घालावी तसा. दोन वेळा."

घमेलं त्याच्या हातातून सुटलं नाही. त्यानं ते खाली ठेवलं, फार जपून.

"फुंकर?"

"हो."

"हे कोनी सांगतलं तुमाले?" तो बहिणीकडं वळला. "बाई, तू?"

"मी काईच नाई सांगतलं भाऊ," सुगंधाबाई म्हणाल्या. काच त्यांच्या हातात तशीच होती. "देवीची आन."

भैयाजी बाकावर बसला. 

"लहान होती तवा ताल चुके तिचा," तो म्हणाला. "मायच्या बोटावर मुसळ पडे. मंग रडत रडत मायचं बोट तोंडाजवर घे आन् फुंकर घाले. लगन झाल्यावर आली तवाबी तसंच. एवढी मोठी बाई, पोटुशी, आन् फुंकर घालून राह्यली. मी हासलो होतो तिले."

मग त्यानं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"साहेब, तुमचं कोनी गेलं हाय का?"

"नाही. आई-वडील आहेत, बायको आहे, मुलगा आहे."

"मंग तुमाले काऊन आयकू येते?"

 मी तिथला नव्हतो, त्या मुलीला पाहिलं नव्हतं, चार दिवसांनी उठून जाणार होतो.

"मले काऊन नाई?" तो म्हणाला. हे त्यानं मला विचारलं नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं भट्टी विझवली, पुढचं दार ओढून घेतलं, आणि मला म्हणाला, "चला. तुमी जवर पाह्यजे."

परसात मनकर्णा कांडत होती. आम्हांला पाहून थांबली नाही. सुगंधाबाई धुणं घेऊन निघालेल्या, त्या मागच्या दारातच उभ्या राहिल्या.

भैयाजी उखळाशी उकिडवा बसला. पलीकडच्या स्वच्छ जागेवर नव्हे, बाजूला, कोंड्यात. काय काय बोलायचं ठरवून आला असेल ते सगळं त्याच्या चेहऱ्यावरून निघून गेलं होतं. बायकोचं मुसळ पडलं, वर गेलं. त्यानं उजवा हात उखळात ठेवला. पालथा, बोटं पसरून.

 तिनं मुसळ वर धरलं.

मी ऐकलं. लाकूड हाडामांसावर पडल्याचा तो बोदा आवाज, काल ऐकला होता तसाच.  भैयाजीचा हात जागचा हलला नाही. त्याच्या डोळ्यांची पापणीही लवली नाही. तो माझ्या तोंडाकडं पाहत होता.

"आली?"

मी होकारार्थी मान हलवली.

त्यानं हाताकडं पाहिलं. राकट, भट्टीच्या चटक्यांचे डाग असलेला हात, त्यावर नवा ओरखडाही नव्हता. त्यानं तो आणखी आत सरकवला, दाण्यांच्या मधोमध. आता मनकर्णाला घाव घालायला जागाच उरली नाही. तिनं मुसळ खाली घेतलं आणि मोहाच्या बुंध्याला टेकवून ठेवलं.

दुसरं मुसळ चालूच राहिलं. पडत होतं, थांबत होतं, पडत होतं. दर वेळी तो माझ्याकडं बघे, आणि दर वेळी मी मान हलवी. कधी तरी मी रडू लागलो होतो. दारातल्या सुगंधाबाईंनी दोन्ही हातांनी कान झाकून घेतले होते.

"मले लागून काऊन नाई राह्यलं?" भैयाजी म्हणाला. मग, खूप हळू, खाली उखळात तोंड नेऊन, "मैना. अवं, मार ना. डोंग्यात मी बसलो. तुयी माय नाई, मीच बसलो. मार."

ती मारत होती. तिच्यालेखी तिथं हात नव्हता.

शेवटी त्यानं हात बाहेर काढला. कोंड्यानं भुरा झालेला. आणि मनकर्णा धरायची तसाच तो उखळापलीकडं, तेवढ्याच उंचीवर धरला, आणि डोळे मिटले. आम्ही सगळे त्या बोटांकडं पाहत होतो. कोंडा बसला होता तसाच बसून होता. त्यानं हात खाली घेतला नाही. ऊन मोहाच्या शेंड्यावर गेलं.

मनकर्णा उठली. मला वाटलं, आता ती घरात जाईल. ती उखळाला वळसा घालून आली. पलीकडच्या त्या रिकाम्या जागेच्या कडेला, आत पाऊल न टाकता, गुडघ्यांवर बसली. पदर मागं सारला आणि नवऱ्याच्या बोटांवर हलकेच फुंकर घातली. कोंडा उडाला. थोडं थांबून तिनं पुन्हा घातली.

भैयाजीचे ओठ वाकडे झाले. डोळे मिटूनच त्यानं विचारलं, "आली?"

मनकर्णानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पाणी तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"आली," ती म्हणाली.

तो मोठ्यानं रडू लागला, आणि तिनं त्याचा हात आपल्या फुटक्या हातात घेतला. ती दोघं तशीच बसून राहिली. एकमेकांशिवाय त्यांना आता काही दिसत नव्हतं, आणि मला वाटतं, काही ऐकूही येत नव्हतं. उखळाकडं पाठ फिरवायचं धैर्य फक्त मला होत नव्हतं. मोहाला टेकलेलं मुसळ तिथंच होतं. उखळातल्या दाण्यांत खळगी पडत होती, भरत होती, पडत होती. धब. आणि मग तेवढाच वेळ शांतता, आईच्या घावापुरती.